कळले म्हणजे वळते का?

"कळतं पण वळत नाही" ही तक्रार आपल्याकडे घरोघर ऐकू येते. तंबाखू सोडावी हे कळते, पण वळत नाही. वर्गात बडबड करू नये हे पोराला कळते, पण वळत नाही. आज मी तुम्हांला अशा एका अवयवाची हकीकत सांगणार आहे, की ज्याची अडचण नेमकी उलटी आहे. तिथे वळत नाही, कारण मुळात कळतच नाही. हा अवयव म्हणजे आपला स्वतःचा मेंदू.

आपण हात उचलला तर तो उचलला गेला हे डोळ्यांना दिसते, खांद्यालाही जाणवते. पोट रिकामे झाले की ते आपण होऊन ओरडते. मेंदूचे तसे नाही. साऱ्या अंगाची वार्ता मेंदूला पोचते; पण खुद्द मेंदूत या घटकेला काय चालले आहे, ह्याची वार्ता आपल्याला कोणी देत नाही. अमावास्येच्या रात्री आंब्यावर दगड मारणाऱ्या पोरासारखी आपली गत होते. दगड कुठे गेला ते दिसत नाही, म्हणून शंभर दगड मारले तरी नेम सुधारत नाही. पण झाडाजवळ, जरा बाजूला, एक सोबती उभा करा. पाल्याच्या सळसळीवरून तो ओरडून सांगेल, "डावीकडं गेला", "आता जवळून गेला", "लागला!" मग त्याच अंधारात त्याच पोराचा नेम हळूहळू बसू लागेल. सोबत्याने त्याला दगड कसा मारावा हे शिकवले नाही. झाले काय, एवढेच त्याने लगेच आणि खरे सांगितले.

ह्या सांगण्याला शिक्षणशास्त्रात प्रत्याभरण म्हणतात. गुरुजनांना हा शब्द ओळखीचा आहे. मेंदूच्या हालचालीचे असे प्रत्याभरण माणसाला तिथल्या तिथे दिले, तर तो आपला मेंदू वळवायला शिकेल काय? न्यूरोफीडबॅक नावाच्या विद्येचा हा मूळ प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञ कुठे जिंकले आणि कुठे फसले, हे ऐकण्याजोगे आहे.

मेंदूत वीज खेळते, हे प्रथम दाखवले ते इंग्लंडातील लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन ह्या डॉक्टराने, 1875 साली. सशांच्या आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर तारा टेकवून त्याने त्या अतिशय नाजूक यंत्राला जोडल्या. यंत्रात एक इवलासा आरसा होता. त्यावर पडलेला प्रकाशाचा कवडसा भिंतीवर पडे, आणि मेंदूतील वीज बदलली की कवडसा सरके. आपल्या काळात ह्या शोधाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

माणसाच्या मेंदूची वीज मोजण्याचा मान जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गरकडे जातो. त्याची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. तरुणपणी लष्करात असताना तो घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली जाता जाता वाचला. त्याच दिवशी घरून तार आली, तुझे कुशल आहे ना? दूर असलेल्या बहिणीच्या मनात म्हणे एकाएकी धास्ती भरली होती आणि तिने वडिलांकरवी तार पाठवली होती. एका मनाची हाक दुसऱ्या मनाला पोचते ती कशाच्या जोरावर, ह्या विचाराने बर्गरला पछाडले. त्यासाठी तो मेंदूच्या डॉक्टरकीकडे वळला. मनाची हाक त्याला शेवटपर्यंत सापडली नाही. सापडले ते वेगळेच. 1924 साली, शस्त्रक्रियेत कवटीचा काही भाग काढलेल्या एका तरुणाच्या डोक्यावर तारा लावून त्याने मेंदूच्या विजेचा पहिला आलेख घेतला. पुढे त्याने स्वतःच्या मुलाच्या डोक्यावरूनही आलेख घेतले. पाच वर्षे पुन्हा पुन्हा पडताळून, 1929 साली त्याने ही गोष्ट छापून प्रसिद्ध केली.

ही वीज किती बारीक ते सांगतो. एका व्होल्टचे दहा लाख भाग करा. त्यांतले तीस-पन्नास भाग, एवढीच ती टाळूवर मिळते. पण तिला लय असते. माणूस जागा आहे, निवांत आहे आणि त्याने डोळे मिटले आहेत, अशा वेळी पुष्कळांच्या डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला आठ ते तेरा हेलकावे असलेल्या लाटा उठतात. बर्गरने त्यांना आल्फा हे नाव दिले. डोळे उघडून काही पाहू लागले की ह्या लाटा मोडतात. लोकांचा प्रथम विश्वास बसला नाही. 1934 साली केंब्रिजच्या एडगर एड्रियन ह्या नोबेल पारितोषिक मिळवलेल्या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यासह तोच प्रयोग करून दाखवला, तेव्हा जगाने मान डोलावली.

इथवर नुसते पाहणे झाले. वळवण्याचा प्रश्न उभा राहिला तो 1950 नंतरच्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठात. जपानी आईबापांच्या पोटी अमेरिकेत वाढलेला ज्यो कामिया नावाचा मानसशास्त्रज्ञ तिथे काम करीत होता. त्याने एका विद्यार्थ्याला अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून पडायला सांगितले आणि त्याच्या डोक्याला तारा लावल्या. मधून मधून घंटा वाजे. त्या क्षणी आपल्या मेंदूत आल्फा लाट आहे की नाही, हे विद्यार्थ्याने अंदाजाने सांगायचे. पलीकडच्या खोलीत कामिया आलेख पाही आणि "बरोबर" किंवा "चूक" एवढेच म्हणे. पहिल्या दिवशी निम्मी उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून सांगितल्यासारखी. दुसऱ्या दिवशी शंभरांत 65. तिसऱ्या दिवशी 85. चौथ्या दिवशी तो चुकेनासाच झाला!

मग कामियाने पुढचे पाऊल टाकले. घंटेच्या खुणेवर ती लाट आणायची आणि खुणेवरच घालवायची, असे तो लोकांना शिकवू लागला. लाट असेपर्यंत एक सूर वाजत राही, लाट गेली की सूर थांबे. लोक हे शिकले. कसे केलेत, असे विचारले तर मात्र नीट कोणाला सांगता येईना. सायकलचा तोल कसा सांभाळता, असे विचारले तर तुम्हीआम्ही तरी काय सांगणार?

ह्याच सुमारास आपल्या देशातही ह्या लाटांचा शोध चालू होता. योगाभ्यासाची प्रयोगशाळेत परीक्षा करण्याची वाट स्वामी कुवलयानंदांनी आपल्या लोणावळ्याला, कैवल्यधाम आश्रमात, 1924 पासूनच घालून दिली होती. पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत बी. के. आनंद, जी. एस. छीना आणि बलदेव सिंग ह्या तिघांनी योग्यांच्या मेंदूचे आलेख घेतले आणि 1961 साली ते प्रसिद्ध केले. चार योगी समाधीत बसले असता त्यांपैकी दोघांच्या डोळ्यांसमोर प्रखर दिवा धरला, जवळ मोठा आवाज केला, अंगाला गरम काचनळी लावली. एरवी अशाने आल्फा लाट मोडते, आणि समाधीत नसताना ह्या योग्यांचीही मोडत होती. समाधीत मात्र ती मोडली नाही. आणखी दोघांनी 4 अंशांच्या थंडगार पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ हात ठेवला, तरी त्यांची लाट चालूच राहिली.

ध्यानाने हे साधत असेल तर यंत्राने ध्यान का साधू नये, असे अमेरिकेतील पुष्कळ तरुणांना वाटू लागले. कामियाचा लेख 1968 साली एका लोकप्रिय मासिकात आला आणि आल्फाची लाटच उसळली. 1970 नंतर तर घरच्या घरी वापरायची यंत्रे बाजारात आली. सूर वाजला की तुम्ही शांत झालात, जणू अर्धे योगी झालात, अशी त्यांची जाहिरात असे.

इथे पहिली ठेच लागली. मार्टिन ऑर्न आणि त्याचा सहकारी पास्केविट्झ ह्यांनी 1973 साली दाखवले, की उजेडात शिकणाऱ्यांची आल्फा वाढते खरी, पण तीच माणसे गच्च अंधारात बसवली तर मुळात असते त्यापलीकडे ती फारशी वाढत नाही. ह्याचा अर्थ काय? डोळ्यांनी पाहणे आल्फा लाट दाबते. शिकणारे लोक न पाहण्याचे कसब शिकत होते. अडथळा काढीत होते. विहिरीतला गाळ काढला म्हणजे नवा झरा लागला असे होत नाही. आणि यंत्रासमोर येणारी शांती? ती पुष्कळदा शांती मिळेल अशा अपेक्षेनेच येत होती.

आता हा आशेचा खेळ फार जपून तपासावा लागतो. म्हणून ह्या साऱ्या इतिहासातला मला सर्वांत पटणारा प्रयोग माणसांवरचा नाही, मांजरांवरचा आहे. कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन नावाचा शास्त्रज्ञ मांजरांच्या मेंदूचा अभ्यास करीत होता. मांजर स्तब्ध पण सावध बसले की, म्हणजे उंदराच्या बिळापाशी बसते तसे बसले की, त्याच्या मेंदूच्या एका पट्ट्यात सेकंदाला 12 ते 15 हेलकाव्यांची लाट उठते. स्टर्मनने नियम केला, ही लाट उठली की दूध आणि कोंबडीचा रस्सा मिळणार. मांजरे ती लाट मुद्दाम उठवायला शिकली.

पुढे त्याच्याकडे एक अगदी वेगळे काम आले. अग्निबाणाच्या इंधनात वापरले जाणारे एक विषारी द्रव्य किती घातक आहे, हे अमेरिकन हवाई दलाला हवे होते. ते द्रव्य अंगात गेले की फेफरे येते. स्टर्मनने मांजरांवर परीक्षा घेतली. काही मांजरांना फेफरे यायला बराच जास्त वेळ लागला. कोणती ही मांजरे? तर पूर्वी ज्यांना ती लाट उठवायला शिकवले होते, तीच. मांजराला जाहिरात वाचता येत नाही. आपल्याला गुण येणार अशी आशा त्याला नसते. तेव्हा मेंदूत काहीतरी खरेच घडले होते, असे मानण्याला जागा आहे.

ह्यावरून स्टर्मनने अपस्माराच्या, म्हणजे आपण फिट किंवा मिरगी म्हणतो त्या विकाराच्या, एका तरुण स्त्रीला ही लाट वाढवायला शिकवले. तिच्या फिट कमी झाल्याचा वृत्तांत 1972 साली प्रसिद्ध झाला. पण इथे थांबून एक गोष्ट बजावून सांगतो. अपस्मारावर मुख्य उपाय आजही डॉक्टरांच्या गोळ्या हाच आहे. कांदा किंवा वहाण हुंगवून फिट थांबत नाही, आणि यंत्राच्या भरवशावर गोळ्या सोडणे हा तर जिवाशी खेळ आहे.

सर्वांत हृदयस्पर्शी यश जर्मनीतल्या ट्यूबिंगेनचे. एका असाध्य रोगात माणसाचे सारे स्नायू एकेक करून निकामी होतात. बुद्धी शाबूत, पण बोट हलत नाही, बोल फुटत नाही. नील्स बिरबाउमर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशा दोन रुग्णांना, मेंदूच्या विजेची एक संथ पातळी वर-खाली करून पडद्यावरचा ठिपका हलवायला शिकवले. ठिपका हलवून अक्षर निवडायचे. पुष्कळ दिवसांच्या सरावानंतर ते एकेक अक्षर जोडून मजकूर लिहू लागले. 1999 साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. इथे ती आशा होती की खरे कसब, असा प्रश्नच उरत नाही. अक्षर उमटते किंवा उमटत नाही.

पुढे यंत्रे सुधारली. शेतात ज्या वाफ्याला पाणी हवे तिकडे आपण पाट वळवतो. मेंदूतही जो भाग काम करतो तिकडे रक्त अधिक वाहते. ह्या फरकाचे चित्र चुंबकाच्या यंत्रात टिपण्याची युक्ती सेइजी ओगावा ह्या जपानी शास्त्रज्ञाने 1990 साली दाखवली. आता मेंदूच्या खोल भागांचेही प्रत्याभरण देता येऊ लागले, फक्त रक्त पोचायला लागतात तेवढ्या चार-सहा सेकंदांच्या उशिराने. 2017 साली अमेरिकेतल्या टल्सा शहरातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. उदासीनतेच्या विकाराने ग्रासलेल्या 19 जणांना, सुखद आठवणी काढताना भावनेशी संबंध असलेल्या एका भागाचे प्रत्याभरण दिले. दुसऱ्या 17 जणांना तसेच यंत्र, तशाच आठवणी. पण प्रत्याभरण भलत्याच भागाचे. पहिल्यांपैकी 12 जणांचा त्रास निम्म्याहून अधिक उतरला, दुसऱ्यांपैकी दोघांचाच. प्रयोग लहान आहे, पण त्याची रीत पाहा. खऱ्याशेजारी खोटे ठेवून मग मोजले.

अशी रीत पाळली की कधी कधी निराशाही पदरी येते. त्याच वर्षी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या शास्त्रज्ञांनी निद्रानाश झालेल्या लोकांना काही दिवस खरे आणि काही दिवस खोटे प्रत्याभरण दिले. लोक म्हणाले, आम्हांला बरे वाटते. पण खऱ्याने जितके बरे वाटले तितकेच खोट्यानेही वाटले, आणि झोपेचे आलेख पाहिले तर झोप सुधारलेली नव्हती.

आता गुरुजनांच्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो. वर्गात एखादे मूल असे असते, की ते जागेवर टिकत नाही, पाटीवर डोळा ठरत नाही. मार खाऊन ते सुधारत नाही, कारण तो खोडसाळपणा नसतो, तो विकार असू शकतो. अशा मुलांसाठी 1976 पासून अमेरिकेत न्यूरोफीडबॅक वापरू लागले. मूल पडद्यावरचा खेळ खेळते, मेंदूची लाट हवी तशी झाली की खेळ पुढे सरकतो. आईबापांना गुण दिसू लागला. पण ते गुण मोजणारे आईबापच होते, आणि आपले मूल उपचार घेत आहे हे त्यांना ठाऊक होते. म्हणून 7 ते 10 वर्षांच्या 144 मुलांवर एक मोठी चाचणी घेतली गेली; तिचा निकाल 2021 साली आला. काही मुलांना खरे प्रत्याभरण, काहींना खोटे; कोणाला काय मिळते हे मुलांना, पालकांना वा शिकवणाऱ्यांना ठाऊक नाही. 38 बैठका झाल्या. निकाल काय? दोन्ही गटांतली मुले बरीच सुधारली आणि सारखीच सुधारली. खऱ्या लाटेचा वेगळा फायदा दिसला नाही.

कोणी म्हणेल, मग सगळे फुकट गेले. मला तसे वाटत नाही. दोन्ही गटांत समान काय होते ते पाहा. ठरल्या वेळी मूल येई. कोणी मोठे माणूस न रागावता त्याच्यापाशी बसे. थोडे जमले की लगेच शाबासकी मिळे. घरची माणसे त्याच्याकडे आशेने पाहू लागली. एकट्या ह्याच गोष्टींनी मुले सुधारली असे त्या चाचणीवरून सिद्ध होत नाही. पण ह्यांतली एकही गोष्ट यंत्रात नव्हती, आणि एकीलाही शहराचे भाडे पडत नाही.

आज मोठ्या शहरांतून मेंदूला वळण लावून देतो असे सांगणारे आहेत. तुमच्या गावचा एखादा बाप पोरासाठी बैल विकून तिथे पैसे भरायला निघेल, तेव्हा सल्ला विचारायला तो तुमच्याकडेच येईल, गुरुजी. त्याला हसू नका, आणि नुसते "जा"ही म्हणू नका. त्याला तीन प्रश्न विचारायला सांगा. पोराला आधी डॉक्टरांनी तपासले आहे काय? ह्या उपचाराची खोट्या उपचाराशी तुलना करून परीक्षा झाली आहे काय, आणि निकाल काय लागला? उपचार चालू असताना औषध बंद करा असे कोणी सांगते आहे काय? तिसऱ्याचे उत्तर "हो" आले तर तिथून उठून यावे.

आणि आपल्या शाळेपुरते सांगायचे तर, कामियाच्या त्या अंधाऱ्या खोलीतला धडा आपल्या वर्गातही चालतो. त्याने विद्यार्थ्याला उपदेश केला नाही. चूक की बरोबर, एवढे लगेच सांगितले, आणि खरे तेच सांगितले. महिन्याने तपासून परत केलेल्या वहीतली लाल रेघ मुलाला काही शिकवीत नाही, कारण तो दगड कधी मारला हेच ते विसरलेले असते. पाटीवरचे अक्षर ओले असतानाच "हा काना बघ, जरा कलला" असे सांगितले, तर पुढचा काना सरळ येतो.

कळले म्हणजे वळतेच, असे ह्या इतिहासाने सिद्ध केलेले नाही. कळल्याशिवाय मात्र वळणे कठीण, एवढे त्याने दाखवले आहे. आणि आपल्याला खरोखर कळले आहे की नुसते तसे वाटते आहे, हे प्रत्येक वेळी तपासून घ्यावे लागते, हेही त्यानेच दाखवले आहे. उद्या शाळेत गेल्यावर त्या जागेवर न टिकणाऱ्या मुलापाशी पाच मिनिटे बसून पाहा, एवढी माझी विनंती आहे.